समितीसमक्ष जाळून नष्ट

“तगारे मॅडम, जरा डिंक आहे का?” रणपिसे भाऊसाहेबांनी दारातूनच विचारलं.

पालिकेचे मुख्य लिपिक आपण होऊन वाचनालयात आले, अशी माझ्या दीड वर्षाच्या नोकरीतली ती पहिलीच वेळ होती. मी खणातून डिंकाची बाटली काढली आणि बरोबर ब्रशही दिला. त्यांनी एक टाइप केलेला कागद माझ्याच टेबलावर पालथा घातला, चारी कडांना मन लावून डिंक फासला आणि बाहेर जाऊन तो आमच्या दारावर चिकटवला. वरचा डावा कोपरा सारखा सुटत होता.

“जरा दाबून धरता?”

मी दाबून धरला आणि धरल्याधरल्या वाचला. निधीअभावी कुरणवेलचं नगर वाचनालय ३१ ऑक्टोबर २००० पासून बंद करण्यात येत होतं.

“हे आपलंच वाचनालय?”

“गावात दुसरं आहे का?” भाऊसाहेब बोटाचा डिंक चौकटीला पुसत म्हणाले. “जकात बंद झाली, मॅडम. नाक्यावर ट्रक थांबायचा तेव्हा तुमच्याकडे पेपर यायचा. आता ट्रक थांबत नाही. पाणी बंद करता येत नाही. दिवाबत्ती बंद करता येत नाही. मग बंद काय करायचं? जे बंद केल्यावर पालिकेवर मोर्चा येणार नाही, ते.”

त्यांच्या बोलण्यात मला चूक काढता येईना. मी सहसा पुरावा असल्याशिवाय वाद घालत नाही.

“रस्त्याच्या बाजूनं तीन गाळे निघतात या जागेत,” त्यांनी भिंतीकडे असं पाहिलं, जणू शटर आत्ताच बसलं होतं. “तुमचं काम एवढंच. सगळी पुस्तकं जमा करून घ्या, दंड माफ. मग साठा मोजा आणि नोंदवहीशी जुळल्याचा दाखला तुमच्या सहीनं द्या. दाखल्याशिवाय जिल्ह्याचं ग्रंथालय पुस्तकं उचलणार नाही आणि पुस्तकं उचलल्याशिवाय मला किल्ली मिळणार नाही.” मग त्यांचा आवाज खाली आला. “आणि स्वतःची काळजी करू नका. पाण्याच्या फिल्टर हाउसला केमिस्टची जागा मंजूर आहे. कायम. तुम्ही एम.एस्सी. केमिस्ट्री, इथं हंगामी म्हणून धूळ झटकताय. दाखला स्वच्छ द्या, मी तुमचा कागद साहेबांपुढे सरकवतो.”

मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या दुपारी मी शिक्के मारत होते, पण डोळ्यांपुढे प्रयोगशाळेतली ब्युरेट होती, खाली पांढरी फरशी होती, आणि माझ्या नावाचा पांढरा कोट खुंटीला टांगलेला होता.

भाऊसाहेब गेल्यावर वर्तमानपत्र खाली झालं आणि त्यामागून नाईकनवरे अण्णा उगवले. अण्णा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सकाळी नऊ ते बारा ते खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून पेपर वाचत आणि कोणी बोललं की जिभेनं टकटक आवाज काढत. पूर्वी ते हे पंचनं करायचे.

“दाखल्याशिवाय बंद होत नाही,” अण्णा म्हणाले. “ऐकलंत ना, बाई?”

“ऐकलं.”

“आणि सगळी पुस्तकं आल्याशिवाय दाखला नाही. मग द्यायचीच नाहीत पुस्तकं! पॅसेंजर आत बसलेला असताना गाडी डेपोत लावता येते का? येत नाही.”

संध्याकाळपर्यंत ही योजना समोरच्या पिठाच्या गिरणीत पोहोचली. गिरणी शेटेकाकूंची. काकूंना भुताच्या कादंबऱ्यांचं वेड होतं, आणि गावातल्या प्रत्येक घराचं दळण त्यांच्या हाताखालून जात होतं. त्या भुवयांवर पीठ घेऊनच वाचनालयात शिरल्या.

“मीनल, कोणी पुस्तक आणून दिलं तर घेऊ नकोस.”

“काकू, मला घ्यावं लागेल. नोटिशीत तसं आहे.”

“कोणी आणणारच नाही. मी सांगितलंय, जो पुस्तक परत देईल त्याचं दळण जाड येईल.”

काकूंची धमकी पोकळ नव्हती. दहा दिवस एकही पुस्तक परत आलं नाही. आमचे शिपाई खिलारेमामा रोज सकाळी रिकामं टेबल पुसायचे आणि मान डोलावून म्हणायचे, “झ्याक चाललंय, ताई.”

झ्याक चाललं होतं ते अकराव्या दिवसापर्यंत. त्या दिवशी मी नोटीस पुन्हा वाचली. कलम चार असं होतं, की पहिल्या दहा दिवसांत पुस्तक परत न करणाऱ्या वाचकांची नावं दर्शनी फळ्यावर लिहिण्यात यावीत. मला कलम चार आवडलं होतं, असं कोणी समजू नये. पण ते कागदावर होतं आणि फळा दारात होता. माझ्या हातून एखादी कृती अर्धवट राहिली की मला त्या रात्री झोप येत नसे. मी खडू घेतला आणि एकशे शहाऐंशी नावं अकारविल्हे लिहिली.

तो मंगळवार होता. मंगळवारी आमचा आठवड्याचा बाजार असतो, आणि भाजीचे ओटे बरोबर वाचनालयासमोर.

काकू अकरा वाजता फळ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. “अगं तुझ्या हाताला काही दुखलं कसं नाही? माझं नाव?”

“तीन पुस्तकं आहेत तुमच्याकडे.”

“आणि ते सगळ्यात खाली?”

“शेटे. ‘श’ शेवटी येतो, काकू. तुमच्या खाली सूर्यवंशी आहेत आणि हजारे आहेत.”

“ते दोघं पुण्याला राहतात! गावात सगळ्यात खाली मीच!” एवढं बोलून त्या वळल्या, तर मागे चाळीसेक माणसं वांग्यांच्या पिशव्या धरून आपापली नावं शोधत होती. कोणी मोठ्यानं वाचून दाखवत होतं. पाहणाऱ्याला वाटलं असतं, शाळेचा निकाल लागलाय आणि सगळे नापास झालेत.

त्यानंतर कोणाला दळणाची भीती उरली नाही. दुपारपासून पुस्तकं येऊ लागली. पहिल्या दिवशी नव्वद. दुसऱ्या दिवशी तीनशेच्या वर. पाटाखाली ठेवलेली, लोणच्याच्या बरणीवर ठेवलेली, खाटेच्या आखूड पायाखाली सारलेली. एका पुस्तकात लग्नपत्रिका निघाली. ज्याचं लग्न होतं तोच पुस्तक घेऊन आला होता, बरोबर त्याची कॉलेजातली मुलगी. ‘दंड माफ’ हे शब्द आजूबाजूच्या गावांत पसरले आणि एसटीच्या पार्सलनं पुस्तकं यायला लागली. ती स्टँडवरून आणून द्यायची वेळ अण्णांवरच आली, कारण ड्रायव्हर त्यांच्याच ओळखीचे.

“मी स्वतः पॅसेंजर उतरवतोय,” गठ्ठा टेबलावर आपटून अण्णा म्हणाले. “तुमच्यामुळे, बाई.” ते त्या आठवड्यात माझ्याशी एवढंच बोलले. पुढे तीन दिवस त्यांनी पेपर माझ्याकडे पाठ करून वाचला.

साळी गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई पदराखालून एक पुस्तक काढून म्हणाल्या, “हे पालिकेनंच दिलं होतं हो. घरपट्टीबरोबर. पण आता तुम्ही मागताय तर घ्या.” मी मान हलवली आणि पुस्तक घेतलं. आत आमचा जांभळा गोल शिक्का होता, दाखल क्रमांक होता. बाकी कोणी कुठून आणलं, हे मी विचारत बसले नाही.

मुदत संपली त्या संध्याकाळी सगळ्या नावांवर काट मारून झाली होती. शेवटी राहिलेल्या काकूंनी तीन कादंबऱ्या टेबलावर ठेवल्या. “घे. मर त्या फिल्टर हाउसात. पाण्यात क्लोरीन जास्त पडलं तर पहिली मी ओरडेन.”

मला वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी हेही कळत होतं, की एकही पुस्तक बाहेर राहिलेलं नाही. माझ्या स्वभावात हे दोन्ही शेजारी शेजारी बसतात.

दुसऱ्या दिवशी मी मोजायला सुरुवात केली. दहा-दहांचे गठ्ठे, दर शंभराला एक चिठ्ठी. नोंदवहीप्रमाणे साठा ४,३१८ हवा होता.

भरला ४,६३१.

कमी भरला असता तर मला आश्चर्य वाटलं नसतं. पण तीनशे तेरा पुस्तकं जास्त! प्रयोगशाळेत एका वाचनावर विश्वास ठेवायचा नसतो. मी आकडा पाटीवर लिहिला, कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. ४,६०९ भरले. तिसऱ्या दिवशी ४,५८८.

मी खुर्चीत बसले. चुकीमुळे आकडा कधी वर जाईल, कधी खाली. हा रोज खालीच जात होता, आणि तोही वीस-बावीसच्या हिशेबानं. द्रव असता तर मी म्हटलं असतं, बाष्पीभवन होतंय. पुस्तकांचं बाष्पीभवन होत नाही, त्यामुळे मी दुपारी जेवायला घरी जाते म्हणून निघाले आणि मागच्या दारानं परत आत आले.

खिलारेमामा कपाटापुढे उकिडवे बसले होते. पुढ्यात जेवणाच्या डब्याची पिशवी. डबा बाहेर काढून ठेवलेला आणि पिशवीत पुस्तकं चाललेली. ती ते अशी सावकाश ठेवत होते, जशी अंडी.

“मामा.”

मामांनी वळून पाहिलं आणि पिशवी सोडून आधी डबाच पुढे केला. “ताई, भाकर खाता?”

“रोज वीस-बावीस नेताय ना?”

“पिशवीत तेवढीच बसत्यात.”

“पण कशाला? जुळलं नाही तर वाचनालय राहील, असं वाटतं का तुम्हाला? तुम्ही तर उलट जुळवताय!”

मामांनी हातातलं पुस्तक पुढे केलं. मग म्हणाले, “ही जाळलेली हायेत, ताई.”

त्यांच्या हातात होतं ते पुस्तक मी पाहिलं. पानं पिवळी पडली होती, पण कुठे राखेचा कण नव्हता.

“मागं शाऐंशी साली,” मामा सांगू लागले, “वाळवी लागली हितं. सात-आठ पुस्तकांना लागली आसंल. समिती आली तीन माणसांची. येक येक बघून यादी कोण करणार? आख्खी भिंत लिवली. तीनशे काय तरी. मला म्हनले, खिलारे, मागच्या मोकळ्या जागंत न्या आन जाळून टाका, आमी समक्ष बघतो. आन समोरच्या हाटेलात भजी खायला गेले.”

“आणि तुम्ही?”

“मी काडी पेटीवली, ताई. खरंच पेटीवली. पर पयलंच पुस्तक हातात आलं त्येच्यावर गणपतीचं चित्र. आता ते कसं जाळू? ठिवलं बाजूला. दुसरं घेतलं, त्येच्यावर येक शाळंतली पोर. मग म्हनलं, बिनचित्राचं जाळू. तर त्येच्यात कुणाचं काय लिवलंय कुणास ठावं, मला काय वाचता येत न्हाय. शेवटी कोंडवाड्यातलं गवत आणलं, दोन मोडक्या खुर्च्या घातल्या. लई धूर झाला. धूर बघून सह्या झाल्या.”

“मग पुस्तकं कुठे गेली?”

“मार्च म्हैना व्हता. घरपट्टीची बिलं वाटायचं काम माज्याकडंच. दर बिलाबरूबर येक पुस्तक दिलं. आजबी येक येक वळखतो मी. लोकं म्हनली, पालिका सुधारली.” मामा जरा सावरून बसले. “त्या वर्षी वसुलीबी चांगली झाली व्हती.”

“आणि ती वाळवीची सात-आठ?”

“तीबी दिली. भोकं व्हती, पर गोष्ट कळत आसंल की.”

मला हसू आलं, पण मामांचे डोळे भरलेले होते. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. चौदा वर्षांपूर्वी जाळलेली पुस्तकं आता एक एक करून चालत परत आली होती, आणि त्यांना वाटत होतं की ती आपलं पेन्शन घ्यायलाच आली आहेत.

“नेलेली सगळी उद्या परत आणा,” मी म्हटलं. “मला आधी कागद बघू द्या.”

जुनी दाखल नोंदवही कपाटाच्या तळाशी होती. लाल रेघेखाली ती पुस्तकं एकामागून एक लावलेली, आणि प्रत्येकापुढे तोच शेरा: ‘वाळवीग्रस्त. समितीसमक्ष जाळून नष्ट.’ मी रेघा मोजल्या. तीनशे चौदा. मग परत आलेल्या पुस्तकांचे क्रमांक त्यांच्याशी एक एक ताडून पाहिले. तीनशे तेरा जुळले. एकच नव्हतं, दाखल क्रमांक २२०७. मी त्या नोंदीतला विषय दोनदा वाचला आणि वही काही वेळ तशीच उघडी ठेवली.

मग शेवटचं पान काढलं. पंचनाम्याची नक्कल तिथे डकवलेली होती. ‘आम्ही खालील सह्या करणार यांनी प्रत्यक्ष उभे राहून’ असं लिहिलेलं होतं आणि खाली तीन सह्या. तेव्हाचे मुख्याधिकारी, ते नंतर बदलून गेले आणि वारले. तेव्हाचे ग्रंथपाल, तेही वारले. आणि तिसरी, ‘ना. भा. रणपिसे, कनिष्ठ लिपिक’.

शिपायाची सही नव्हती. शिपायाची सही घ्यावी असं कोणाला वाटलंच नव्हतं. मी ते पान पुन्हा तपासलं, उलटूनही पाहिलं. नव्हतीच.

भाऊसाहेब दाखला न्यायला आले तेव्हा वाचनालयात अण्णा होते, मामा होते, आणि काकू ‘शेवटचं बघून घेते’ म्हणून आल्या होत्या. मी दाखला पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: नोंदवहीप्रमाणे ४,३१८, प्रत्यक्ष ४,६३१, तफावत जादा ३१३, यादी सोबत.

“जादा?” भाऊसाहेब हसले. “जादा कसं असेल? मोजायला चुकलात.”

“शेवटचं मोजलं तेही तेवढंच भरलं.”

“अहो, मग ४,३१८ लिहा. कमी थोडंच आहे? ४,६३१ मध्ये ४,३१८ असतातच की.”

हे गणित बरोबर होतं, ते मी मान्य केलं. “पण मग हे तीनशे तेरा कुठं ठेवू?”

त्यांनी यादी हातात घेतली. पहिल्या पानावर ते अजून हसत होते. दुसऱ्या पानावर क्रमांकापुढचा शेरा त्यांनी वाचला. मग मी नोंदवही उघडून त्यांच्यापुढे सरकवली, पंचनाम्याच्या पानावर. स्वतःची तरुणपणची सही माणूस लगेच ओळखतो. भाऊसाहेबांची सही तेव्हा फार वळणदार होती.

अण्णांनी जिभेनं एकदा टक केलं.

“मॅडम,” भाऊसाहेब हळूच म्हणाले, “ही बाजूला काढा. आणि जाळून टाका.”

कोपऱ्यातून खिलारेमामा म्हणाले, “साहेब, परत?”

काकूंना एवढ्या जोरात हसू फुटलं, की त्यांच्या पदरातलं पीठ टेबलभर उडालं. भाऊसाहेबांच्या काळ्या पँटवरही बसलं. ते झटकत ते म्हणाले, “केमिस्टची जागा, तगारे मॅडम. कायम. विचार करा.”

मी खरोखर विचार केला. त्या क्षणी मला पांढरा कोट दिसला, हे आजही आठवतं. पण मी एकदा ४,६३१ मोजलं होतं. ४,३१८ लिहून मी पाण्यातलं क्लोरीन मोजायला बसले असते, तर त्या आकड्यावर गावानं का विश्वास ठेवायचा?

“आकडा हाच आहे, भाऊसाहेब,” मी म्हटलं, आणि दाखल्यावर सही केली.

त्यांनी तो कागद साहेबांकडे नेला नसता. पण मी दाखल्याची एक प्रत आवक-जावकला आधीच देऊन शिक्का घेतला होता. प्रत ठेवायची माझी सवय जुनी.

मुख्याधिकारी उगले साहेब तरुण होते, स्पर्धा परीक्षेतून नुकतेच आलेले. चार दिवसांनी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

“कमी निघाली असती तर निर्लेखन केलं असतं,” ते म्हणाले. “हरवली, फाटली, संपलं. जास्त निघाली तर काय करायचं, भाऊसाहेब? कुठला नियम?”

तीस वर्षं सगळे नियम तोंडपाठ असलेले भाऊसाहेब म्हणाले, “तसा नियमच नाही, साहेब.”

“आणि ही तर जळलेली आहेत. म्हणजे कागदावर ती नाहीतच. जी नाहीत ती जिल्ह्याला कशी पाठवणार? आणि इथं ठेवून जागा रिकामी कशी करणार?” उगले साहेबांनी पंचनामा जवळ ओढला. “जाळली कोणी होती?”

भाऊसाहेब वर पंख्याकडे पाहायला लागले. पंखा बंद होता.

साहेबांनी सही ओळखली असावी. त्यांनी पेन उचललं आणि दाखल्याच्या कडेला लिहिलं: ‘पंचनाम्यावरील हयात सदस्यांनी तफावतीचा लेखी खुलासा करावा. खुलासा समाधानकारक होईपर्यंत वाचनालय जैसे थे सुरू ठेवावे.’

हयात सदस्य एकच होते. त्यांनी खुलासा केला नाही. खिलारेमामा मार्चमध्ये निवृत्त झाले आणि एप्रिलमध्ये त्यांचं पेन्शन वेळेवर आलं. फिल्टर हाउसला दुसरे केमिस्ट आले. काकूंनी मला महिनाभर फुकट दळण दिलं, अगदी बारीक. वर्तमानपत्रं बंद झाली होती, तर अण्णांनी एसटीच्या ड्रायव्हरांकडून आदल्या दिवशीचे पेपर मिळवले. “गाडी लेट आहे, पण चालू आहे,” असं ते येणाऱ्याला सांगत. गाळ्यांचा विषय दर मार्चमध्ये निघायचा, आणि दर मार्चमध्ये भाऊसाहेबांना खुलाशाचं स्मरणपत्र जायचं. जावक क्रमांक ते स्वतःच टाकायचे.

आठ वर्षांनी ते निवृत्त व्हायला आले. नावावर खुलासा बाकी ठेवून जायचं नव्हतं, म्हणून एकदाचं त्यांनी लिहून दिलं, ‘सदर पुस्तके प्रत्यक्षात जाळण्यात आलेली नव्हती, एकही नाही.’ चार ओळी. त्या लिहिताना त्यांना घाम आला होता, असं टायपिस्ट सांगत होती.

खुलासा झाला म्हणजे तफावत मिटली, तफावत मिटली म्हणजे दाखला पुरा झाला. गाळ्यांचा नकाशा तयार होता.

तेव्हाच्या मुख्याधिकारी बाईंनी खुलासा वाचला, यादी वाचली. “एकही नाही जळलं?”

“नाही, मॅडम,” भाऊसाहेब म्हणाले.

“रेघा तीनशे चौदा आहेत. पुस्तकं तीनशे तेरा. २२०७ कुठंय?”

“मग ते एक जळलं असेल.”

“तुम्हीच लिहिलंय, एकही नाही.”

“मग हरवलं म्हणून निर्लेखित करू.”

“एकदा निर्लेखित झालेलं पुस्तक दुसऱ्यांदा कसं निर्लेखित करणार?” बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही नीट शोधलंत?”

“वाचनालयातलं प्रत्येक कपाट तीन वेळा पाहिलंय, मॅडम. तिथे नाही.”

यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

बाईंनी सुस्कारा सोडला आणि लिहिलं: ‘क्र. २२०७ चा उलगडा होईपर्यंत जैसे थे.’

पुढे भाऊसाहेब वाचनालयात येऊ लागले. घरी बसून करणार काय? अण्णांशेजारची खुर्ची त्यांनी घेतली. दोघं जुन्या पेपरवर भांडतात. हे आजही चालू आहे.

एका दिवाळीत ते सपत्नीक आमच्या घरी फराळाला आले. वहिनी माझ्या वडिलांशी बोलत होत्या. वडील शिंपी, नजर आता गेलेली, पण हातानं वहिनींच्या साडीचा पोत ओळखून सांगत होते. मी आतून चहा घेऊन आले तर भाऊसाहेब माझ्या पुस्तकांच्या फळीपुढे उभे होते. हातात एक पातळसं पुस्तक होतं, मुखपृष्ठ गेलेलं.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा ते आमच्याकडे आलं. शिपाई घरपट्टीचं बिल देऊन गेला, आणि बिलाबरोबर ते. वडील म्हणाले, बिल माझं, पुस्तक तुझं. मुलांसाठी लिहिलेलं रसायनशास्त्र होतं. चुन्यावर पाणी टाकलं की तो का तापतो, लिंबाचा रस लावल्यावर हळदीचा डाग का बदलत नाही आणि साबणानं का बदलतो. काही पानांना वाळवीची भोकं होती. भोकात गेलेले शब्द मी अंदाजानं भरले, आणि ते बरोबर होते का हे बघण्यासाठी पुढे सात वर्षं कॉलेजात गेले. शिक्का मला कधी खटकला नव्हता. मला वाटायचं, पालिकाच देते.

भाऊसाहेबांनी शिक्का पाहिला, खालचा क्रमांक चष्मा वर करून वाचला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला.

त्यांनी पुस्तक मिटलं. पुठ्ठ्याचा मागचा भाग सुटून त्यांच्या हातात आला.

“तगारे मॅडम,” भाऊसाहेब म्हणाले, “जरा डिंक आहे का?”

मी खणातून बाटली आणली, ब्रशही आणला. त्यांनी पुस्तक टेबलावर पालथं घातलं आणि कडेला मन लावून डिंक फासला. वरचा डावा कोपरा सारखा सुटत होता.

“जरा दाबून धरता?”

मी दाबून धरलं.